वणव्याच्या तीन सत्यप्रती

— नाही सर, 'खोटी' हा शब्द आपण कृपया मागे घ्या. प्रत म्हणा, झेरॉक्स म्हणा, अगदी नक्कल म्हणा — नक्कल हा कचेरीतला शब्द आहे, त्यात अपमान नाही — पण ही पत्त्यांची पानं खोटी नाहीत. मी रांग अडवत नाही. मागच्यांची नावनोंदणी आपण खुशाल चालू ठेवा, मी टेबलाच्या या कडेला उभा राहून बोलतो. माझं नाव यादीत आहेच — आगाशे, अवधूत, सातारा — त्यावर आपण आत्ता फुली मारलीत. पेन्सिलीनं मारलीत, हे बरं केलंत. पेनानं मारली असती तर खोडाखोड झाली असती आणि खोडाखोडीवर पुन्हा आपल्यालाच सही करावी लागली असती.

आता माझा मुद्दा. मुद्दा एकच आहे. आपल्या मंडळानं पुण्याहून जे नियमांचं पत्रक पाठवलं, ते मी सोबत आणलंय — नाही, आपल्याला पाठ असेल, तरी ऐका — त्यात म्हटलंय की मूळ पान उपलब्ध नसल्यास, पंचांच्या मान्यतेनं, त्याची प्रत वापरता येईल. पंचांच्या मान्यतेनं! म्हणजे प्रत वर्ज्य नाही. प्रत वर्ज्य असती तर मी साताऱ्याहून पहाटेची एस. टी. धरून सांगलीला आलोच नसतो. मान्यता कोणत्या प्रतीला द्यावी आणि कोणत्या नाही, याचा निकष मात्र पत्रकात नाही. तो निकष नाही, ही माझी चूक आहे का? निकष नसेल तर माणसानं काय करावं? जगात जो निकष चालतो तो लावावा. आपल्या देशात प्रत खरी ठरवण्याची एकच रीत आहे, सर. राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. माझी पदवी त्यावर चालते, जन्मतारीख त्यावर चालते, मी मी आहे हेसुद्धा त्यावरच चालतं — आणि एका काल्पनिक वणव्याचं चित्र तेवढं चालत नाही?

हसू नका. म्हणजे हसा, पण शिक्का वाचून हसू नका. 'पशुधन विकास अधिकारी' असंच आहे ते. मला ठाऊक आहे ते कसं दिसतं. त्याचं कारण मी सांगणारच आहे, ओघानं येईल.

आधी हे सांगू द्या की मी बक्षिसासाठी आलेलो नाही. बक्षिसाची ती नव्या पानांची पेटी अनीशला द्या, त्याच्याकडे अशा चार आहेत, पाचवी होईल. तो बघा, खिडकीशी बसलाय, आकाशी शर्ट — माझ्याकडे बघून हसतोय तोच. आम्ही दोघं साताऱ्याचे, एकाच गटात खेळतो. मला फक्त खेळू द्या, सर. हरलो तर हरलो. पण बसू द्या. सोमवारी मी कोयनानगरला रुजू होतोय, कनिष्ठ महाविद्यालयात, तासिका तत्त्वावर. तिथं धरण आहे, घाट आहे, भूकंप आहेत, हा खेळ खेळणारा माणूस नाही. एकही नाही, मी चौकशी केलीय. स्पर्धा वर्षातून एकदा, आणि पुढच्या वर्षी मी त्या डोंगरात कुठल्या तरी बारावीच्या वर्गाला सरासरी शिकवत असेन. म्हणजे आज. आज नाही तर नाहीच. आणि मला जे जाणून घ्यायचंय ते दुसऱ्या कशानं कळणारं नाही.

काय जाणून घ्यायचंय? — तेच की मी चुकलो की नाही. एवढंच. आपण पंच आहात, आपल्याला खेळ समजतो, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रत्येकानं आपला साठ पानांचा संच स्वतः जुळवून आणायचा. आता संच जुळवायचा म्हणजे काय, तर आमच्या गटात त्याचा अर्थ एकच — अनीशचे मेहुणे शिकागोला आहेत. झालं. तिकडून पाकिटं येतात, त्यातली जी उत्तम ती अनीशच्या संचात, जी मध्यम ती त्याच्या मित्रांच्या संचात, आणि जी कोणालाच नको ती बुटांच्या एका खोक्यात. माझा संच त्या खोक्यातून आलाय, सर. काटेरी रेडा, चिखल्या, झाडावरची वटवाघळं — ही मराठी नावं माझी, मूळ इंग्रजीत आहेत, पण मला खेळताना मराठीत विचार करायला बरं पडतं. फेकून दिलेली पानं. पण फेकून दिलेली म्हणजे वाईट, हे कोणी ठरवलं? मी संख्याशास्त्रात एम. एस्सी. केलंय. मी त्या खोक्यातलं एकेक पान घेऊन बसलो, दिवाळीपासून होळीपर्यंत बसलो, आणि माझ्या लक्षात आलं की अनीश मंडळींचा संच हा संच नाहीच. ती वरात आहे. एक भला मोठा राक्षस, एक भला मोठा राक्षस, आणखी एक — सगळे एकेकटे, कोणाचा कोणाशी संबंध नाही, आणि ते हाती येईपर्यंत समोरचा माणूस जांभया देतोय. माझी पानं लहान आहेत, पण ती एकमेकांना ओळखतात. रेडा चिखल्याला वाट करून देतो, चिखल्या समोरच्याला अडवून धरतो — आणि मग लागतो वणवा.

हो, तेच ते पान. वणवा. एवढं एकच महागाचं पान माझ्या संचात आहे आणि त्याला पर्याय नाही. मी शोधला, प्रामाणिकपणे शोधला, नाही. आणि ते चार हवेत, नियमानं जास्तीत जास्त चार चालतात, आणि चारच हवेत. एक असून काय होतं? पहिल्या दहा पानांत ते हाती येण्याची शक्यता एक षष्ठांश. चार असतील तर निम्म्याच्या थोडी वर. एक षष्ठांश आणि निम्म्याच्या वर, यात सगळा फरक आहे, सर! एक षष्ठांशावर माणूस हरला तर तो विचारानं हरला की दैवानं, हे कोणालाच सांगता येत नाही. मला तीच तर चीड येते. गेलं वर्षभर मी हरतोय आणि दर वेळी अनीश माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "आगाशे, तू पत्ते खेळत नाहीस रे, तू पेपर सोडवतोस." ठीक आहे, सोडवतो. पण मग पेपर पूर्ण तरी द्या माझ्या हातात. अर्धी प्रश्नपत्रिका फाडून घ्यायची आणि वर नापास म्हणायचं?

एक वणवा मात्र मूळ आहे. हा बघा. हा माझा आहे, माझ्या मालकीचा, उसना नाही. अनीशच्या बहिणीला, श्रद्धाला, बारावीचं गणित शिकवलं त्याबद्दल मिळाला. संपूर्ण उन्हाळा शिकवलं. — नाही, पैसे नाही, हेच पान ठरलं होतं. आई समजते की शिकवणीचे पैसे मी बँकेत साठवतोय. परवा म्हणाली, कोयनेला जाताना त्यातून एक चांगली गादी घे, तिथं ओल फार असते. मी 'हो' म्हटलं. म्हणजे खोटं असं काही बोललो नाही मी, तिनं पासबुक बघायला मागितलं नाही. — असो. हा मुद्दा नाही. हे आपण विसरा. मुद्दा असा की मूळ एक, प्रती तीन.

आणि प्रती कशा आहेत ते तरी बघा! हातात घ्या. साताऱ्यात रंगीत झेरॉक्सची सोय नाही, म्हणून काळी-पांढरी काढली. पण खेळात रंगाला अर्थ आहे, म्हणून कड लाल पेन्सिलीनं मुळाबरहुकूम रंगवली. मग त्या खोक्यातली तीन अगदी निरुपयोगी पानं घेतली, त्यांचा दर्शनी थर पॉलिश पेपरनं घासून काढला — का, तर वरून कागद चिकटवल्यावर जाडी वाढू नये — मग खळ लावली, डिंक नाही, डिंकानं कागद आक्रसतो, आणि ग्रंथांच्या वजनाखाली वाळवली. बोट फिरवून बघा. डोळे मिटून सांगा मूळ कोणतं आणि प्रत कोणती. — नाही येत ना सांगता? हेच मी म्हणतोय. फसवायचं असतं तर मी इथेच थांबलो असतो, सर. आपल्याला काही बोललोच नसतो, गुपचूप बसलो असतो. मी स्वतःहून पुढे आलो, 'ह्या तीन प्रती आहेत' म्हणून खालच्या कडेला 'सत्यप्रत' असं लिहवून घेऊन आलो, आणि फुली माझ्याच नावावर.

शिक्क्याची कल्पना माझी नव्हे. आमच्या शेजारी सुभेदार नाथाजी राहतात, फौजेतून निवृत्त. मी अंगणात पानं वाळत घातली होती ती बघून त्यांनी विचारलं काय चाललंय, आणि मी सांगितलं की ह्या प्रतींना पंच मान्यता देतील की नाही याची धास्ती आहे. तर म्हणाले, "आरं गड्या, त्यात काय हाय? फौजेत आमी लय बघितलंय. मानूस खरा हाय का खोटा, कुनी इचारत न्हाई. कागदाव गोल शिक्का हाय का, येवढंच बघत्यात. शिक्का मारून घे आन बिनघोर जा." मला ते पटलं. आधी विनोद वाटला, मग रात्रभर विचार केल्यावर पटलं.

पण मिळवून दाखवा तो शिक्का! सातारा म्हणजे कचेऱ्यांचं गाव, दर दहा पावलांवर राजपत्रित अधिकारी. एकानं पान हातात घेतलं, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "हे नोकरीसाठी आहे का?" मी म्हटलं, नाही. "शिष्यवृत्तीसाठी?" नाही. "मग कशासाठी?" मी म्हटलं, स्पर्धेसाठी. तर म्हणाले, "स्पर्धा परीक्षा का? मग आधी बोलायचं की!" आणि शिक्का उचलला. तो क्षण होता, सर. मी गप्प राहिलो असतो तर तिथंच काम झालं असतं. पण मला ते योग्य वाटलं नाही. मी म्हटलं, परीक्षा नव्हे, पत्त्यांचा खेळ. त्यांनी शिक्का खाली ठेवला आणि शिपायाला बोलावलं. दुसरे म्हणाले, ही शासकीय कागदपत्रं नाहीत. तिसरे म्हणाले, चित्रात आग दिसते आहे, अग्निशमनकडे जा. मी गेलो असतो, सर, पण तिथले अधिकारी राजपत्रित नाहीत.

शेवटी पलूसकडच्या एका गावात — गावाचं नाव नको, बाईंना त्रास व्हायला नको — जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर अनसूयाबाई आहेत. मामांच्या गावाजवळ पडतं ते. रुजू होण्याच्या कागदांच्या प्रतीही साक्षांकित करायच्या होत्याच, तेव्हा म्हटलं दोन्ही कामं एकत्र होतील. त्यांनी गुणपत्रिकांवर भराभर सह्या केल्या, "फर्स्ट क्लास? छान," म्हणाल्या, आणि विचारलं, "आणखी काय?" मी पानं टेबलावर मांडली. बाई बघत राहिल्या. काटेरी रेड्याचं पान उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "याला चार शिंगं आहेत." मी म्हटलं, हो. "आणि पाठीवर हे काय?" काटे. "कुठल्या भागात आढळतो?" आता काय सांगणार?

तिथं कोंडीबा म्हणून एक म्हातारे बसले होते, आटपाडीकडचे, मेंढपाळ, कळप घेऊन खाली नदीकाठाला आलेले. त्यांची मेंढी पोट फुगून पडली होती. ते उठून आले, माझ्या खांद्यावरून बघायला लागले. "ही कसली चित्रं म्हनायची, मास्तर?" मी सांगितलं, खेळ आहे बाबा, प्रत्येकानं आपापली साठ पानं घरून आणायची आणि झुंज लावायची. त्यांना लगेच उमगलं. "म्हंजी एडक्यांच्या टकरीवानी. आपापला एडका आनायचा." मी म्हटलं, तसंच, फक्त एक नाही, साठ. तर म्हणाले, "मग ज्याच्याकडं जातिवंत नर, त्यो जितनार. ह्यात खेळ कसला?" हीच तर माझी तक्रार आहे, बाबा! मी खरंच असं ओरडलो त्या दवाखान्यात. म्हणाले, "तुमच्याकडं जातिवंत किती हायती?" एक. "आन हे तीन?" म्हटलं, हे त्याचे झेरॉक्स. यावर म्हातारा जो हसायला लागला! मेंढी सोडून हसला. "आवं डाक्टरीनबाई, लय बेस झालं! माझ्या एडक्याचं बी तीन काढून द्या की! खायाला घालाया नको न् राखाया नको!" बाई म्हणाल्या, "कोंडीबा, मेंढी धरा." मग माझ्याकडे वळल्या, "मूळ दाखवा."

मूळ दाखवा, म्हणाल्या! साताऱ्यातल्या एकानंही हे विचारलं नव्हतं. मी मूळ वणवा समोर ठेवला. त्यांनी तिन्ही प्रती त्याच्याशी ताडून बघितल्या, अक्षर न् अक्षर, आणि म्हणाल्या, "हे बघा, प्रत मुळाशी जुळते एवढंच मी सांगतेय. चित्रातलं खरं आहे असं मी म्हणत नाही." मला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. इतकं स्वच्छ वाक्य मी विद्यापीठात ऐकलं नाही.

आता आपण विचाराल — आपण विचारलंतच मघाशी — मूळ एक असताना प्रती तीन कशा? सर, माझी गुणपत्रिका एक आहे आणि तिच्या सत्यप्रती आजवर बावन्न ठिकाणी गेल्यात. बावन्न! प्रत्येक ठिकाणी मी पात्र ठरलो. पात्र ठरलो की कळतं जागा भरली, किंवा जागा निघाली की कळतं पात्रता बदलली. तेव्हा कोणी म्हणालं नाही की आगाशे, तुमची पदवी एक आणि प्रती बावन्न कशा. इथं तीनच आहेत. — नाही, मी आवाज चढवत नाहीये. खाली लग्न आहे, बँड वाजतोय, म्हणून मोठ्यानं बोलावं लागतंय.

हो, पानांच्या पाठीवर शिक्का का, हेही सांगतो. समोर मजकूर आहे, आणि मजकुरावर शिक्का मारायचा नसतो, बाईंनीच सांगितलं. मग पाठीवर. पण मी तिथंच त्यांना थांबवलं. म्हटलं, बाई, तीनच पानांच्या पाठीवर शिक्का आला तर समोरच्या खेळाडूला ती पाठीवरून ओळखू येतील, आणि मलाही येतील, आणि मग तो खेळ राहणार नाही. म्हणून साठच्या साठ पानांच्या पाठीवर मारा. सगळ्यांवर. डोंगरांवरसुद्धा — डोंगर म्हणजे ती साधी पानं, ज्यांच्यावर बाकीचा खेळ उभा राहतो. आणि मूळ वणव्यावरही. बाई म्हणाल्या, "मूळ आहे ते. त्याची किंमत जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. खरंच गेली, सर. कालच अनीशनं ते बघितलं. पान उजेडाकडे धरून म्हणाला, "अवध्या, हे आता म्हैस पण घेणार नाही." एक अख्खा उन्हाळा त्या पानात होता. मी तो शिक्क्याखाली घातला, का? समोरच्यावर अन्याय होऊ नये म्हणून. आता तरी सांगा की मी लबाडी करायला आलोय.

— खरंच? आपण तसं म्हणताय? म्हणजे प्रतींना आपली हरकत नाही? सर, मी — थांबा, मी जरा बसतो. धन्यवाद. नाही, पाणी नको. मला वाटलंच होतं की कोणीतरी नीट ऐकून घेतलं तर — नीट ऐकूनच कोणी घेत नाही, हीच अडचण असते. फुली खोडताय ना? रबर आहे माझ्याकडे, हे घ्या.

काळी कव्हरं? पाठ दिसू नये अशी? ती इथं मिळत नाहीत, सर, मी मामांकडे आलो होतो तेव्हा सांगली-मिरज दोन्हीकडे हिंडलो. अनीशकडे आहेत, शिकागोची, पण ती त्यानं स्वतःच्या पानांना घातलीत. माझ्याकडची ही ओळखपत्राची, पारदर्शक. पण सगळ्या पाठी सारख्याच असल्यावर कव्हराचं कारण काय?

काय म्हणालात? शिक्का मी स्वतः बनवला असेल? रबरी शिक्के कोपऱ्यावर करून मिळतात, हे मलाही माहीत आहे. शंका रास्त आहे, पंचानं ती घेतलीच पाहिजे. पण तिचं निरसन अगदी सोपं आहे. हे बघा, मी संच पालथा पसरतो. बनावट शिक्का असता, घरी निवांत बसून मारलेला, तर साठही एकसारखे उमटले असते. हे एकसारखे आहेत का? मुळीच नाहीत. प्रत्येकात माणसाचा हात दिसतो, सर. ह्या इथल्या सह्या पूर्ण आहेत, ठसठशीत, बाई तेव्हा ताज्या होत्या. इथं शाई फिकी होत गेली, पॅड वाळलं होतं. इथं त्यांनी बाटलीतून नवी शाई घातली, म्हणून हा एकदम जांभळा, पसरलेला. इथं मेंढी ओरडली आणि त्या उठल्या, परत आल्या तेव्हा हात ओले होते, हा थेंब बघा. शेवटच्या सह्या तर नुसती रेघ आहेत, बाई दमल्या होत्या बिचाऱ्या. मी शेजारी उभं राहून एकेक पान पुढे सरकवत होतो, मला तो सगळा क्रम जशाचा तसा आठवतो. एकही शिक्का दुसऱ्यासारखा नाही. कोणता खोटारडा एवढी मेहनत घेईल?

— हे? हा शिक्का डावीकडे कललाय, सहीतल्या 'अ'ची दांडी तुटलेली आहे. पॅड वाळायच्या आधीचा. हे चिखल्याचं पान. उलटून बघा. — बघा! आणि ते वटवाघूळ, ओल्या हातानंतरचं दुसरं. हो, उलटा, निःशंक उलटा. ते जांभळं? शाई नुकतीच घातली होती, तेव्हा मी रेडे पुढे करत होतो. काटेरी रेडा. आणि आपल्या अंगठ्याखाली आहे ना, शिक्क्याची वरची कड उमटलेलीच नाही, तिथं बाई म्हणाल्या होत्या, 'मूळ आहे ते' आणि हात आखडला होता — तो वणवा. मूळ वणवा. आता पटलं? आता तरी —

आपण रबर खाली का ठेवलंत?

नाही. नाही सर, तसं नाही. मी बघणार नाही. खेळताना मी पाठीकडे बघणारच नाही, मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत बसेन, खिडकीबाहेर बघेन, गड्डीवर रुमाल टाकू आपण — अनीश, तू गप्प बस, मी पंचांशी बोलतोय — आठवणं हा काही गुन्हा नाही, सर, मी मुद्दाम नाही पाठ केलं, ते आपोआप — ते विसरता येईल. मी प्रयत्न करीन.

हे? हे कोणतं... नाही. हे मला ओळखता येत नाही. बघा, नाही येत. फिकी शाई, अशी फिकी तर कितीतरी आहेत. रेडा असेल. वटवाघूळ असेल. कुठलंही असू शकेल.

उलटू नका, सर. डोंगर आहे.